माठाची राखण

सुलतानपूर, ४ जुलै १९७१

चि. अन्नपूर्णा हिला मामाचा आशीर्वाद, आणि मामीचा त्याहून मोठा.

तुझी गाडी मलकापूरहून सुटली त्याला आज अकरा दिवस झाले. तू खिडकीतून हात हलवत होतीस आणि मी फलाटावर उभा राहून मनातल्या मनात तिसरीच्या पुस्तकातली कविता म्हणत होतो. साठी उलटली, पेन्शन लागली, तरी खोड गेली नाही. डोळे भरून यायच्या बेतात आले, की माझ्या तोंडात कविता येते. तुझी मामी त्या फलाटावरच म्हणाली, "पोरगी नर्स हाये, लढाईवर नाही चालली. तुमीच काऊन असे करून राह्यले?"

पण लढाईवरच की गं गेलीस. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यातली बरी चाललेली नोकरी, क्वार्टर, अंगणातली जाई, आणि बंगालातून बोलावणं आलं तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केलास. पेपरात वाचतो, पूर्व पाकिस्तानातून लाखोंनी माणसं गोळ्या चुकवत येऊन राहिली आहेत. वाचताना भूगोलाचा तास आठवतो. फळ्यावर गंगेचं मुख काढायला मला फार आवडायचं. खडूने एकेक फाटा ओढायचा, पोरं श्वास रोखून बघायची. त्या फाट्यांवर माणसं राहतात हे कधी मनात आलं नाही.

सांभाळून राहा. तुझा लहानपणचा स्वभाव तिथे काढू नको. आठवतं ना, तुझ्या हातातलं भांडं कुणी घेऊ गेलं की केवढा थयथयाट करायचीस! पाहुण्यांसमोरसुद्धा. आम्ही पोट धरून हसायचो.

अनू, रोगी घाबरला तर त्याला नदीची ती कविता म्हणून दाखव. भाषा कळली नाही तरी चाल कळते. तुझी आई, माझी मंजुळा, पटकीच्या साथीत गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, शेजारी भगवानरावांच्या ओसरीवर खेळत होतीस. ती कविता ऐकता ऐकताच ती शांत झाली. हे तुला मी इतक्यांदा सांगितलं आहे, की आता ते तुझंच झालं असेल.

दिवाळीला ये. मामी म्हणते, आली नाही तर अनारसे शेजाऱ्यांना वाटून टाकीन.

तुझा,
भगवंतमामा

*

सीमेजवळची छावणी, २० जुलै १९७१

ती. मामा आणि मामी, दोघांच्या पाया पडते.

पत्र मिळालं. चिखलात पडलं होतं, पण शाई टिकली.

मामा, इथे कविता म्हणायला उसंत नाही. बांबूवर ताडपत्री टाकून केलेल्या पडवीत माझ्याकडे साठ खाटा आहेत आणि एकेका खाटेवर कधी दोघं, कधी तिघं. खाटेच्या मध्ये भोक पाडलेलं, खाली बादली. सगळे पटकीचे. बादली भरते त्यावरून आम्ही अंदाज बांधतो, माणूस राहील की जाईल. माणसं दहा-दहा दिवस चालून आलेली आहेत, अंगावर एक कापड, वाटेत कुणी मागे राहिलं असेल तर त्याचं नाव घेत नाहीत. परवा एक बाई मेलेलं तान्हं पदराखाली घेऊन रांगेत उभी होती. तिचा नंबर आला तेव्हा आम्हाला कळलं. तिला आधीच माहीत होतं.

शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या शनिवारी संपल्या. पुढच्या येईपर्यंत काय करायचं? आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पिंपात पाणी उकळून घेतलं, त्यात मोजून मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा टाकला, आणि म्हणाले, तोंडाने पाजा. घोट घोट, ओकला तरी पाजा. आम्ही नर्सा थोड्या, म्हणून प्रत्येक रोग्याच्या माणसाच्या हातात पेला आणि चमचा दिला आहे. माझा तर विश्वास नव्हता. अजून पुरता बसलेला नाही. पण सोमवारी ज्यांची मी आशा सोडली होती त्यांतला एक म्हातारा आज उठून बसला आणि माझ्याकडे विडी मागू लागला.

दिवाळीचं सांगता येत नाही. मामीला सांगा, अनारसे वाटू नका, डब्यात ठेवा.

तुमची,
अनू

*

सुलतानपूर, १ ऑगस्ट १९७१

चि. अनू हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मामीला वाचून दाखवताना त्या तान्ह्याची ओळ गाळली, तर ती म्हणाली, "मधात कायले थांबले? वाचा." मग वाचली. ती उठून चुलीपाशी गेली, आणि चूल विझलेली होती.

इकडे पावसाने पाठ फिरवली आहे. एक सर येते आणि पोराने पाटी पुसावी तशी निघून जाते. काल शाळेवरून गेलो तर चौथीची मुलं एका सुरात पाढे म्हणत होती. नव्या मास्तरांना कवितेची आवड नाही. आम्ही चालीवर म्हणवून घ्यायचो, हल्ली अर्थ लिहून घेतात.

एक विचारू का? रागावू नकोस, तू शिकलेली आहेस. ढाळ लागलेल्याला पाणी पाजतात हे मला नवीन आहे. आपल्याकडे तर पटकी झाली की पाणी बंद. जितकं आत जाईल तितकं बाहेर येईल आणि माणूस त्यातच जाईल, असं सगळी जाणती माणसं सांगत आली. तुझे मोठे डॉक्टर बाटल्या संपल्या म्हणून काहीतरी करत नसतील ना? तू नीट विचारून घे, आणि मला लिही. लवकर लिही. पोस्टमन तुळशीराम हल्ली मला पाहून वाट वाकडी करतो, रोज विचारतो म्हणून.

तुझा,
भगवंतमामा

*

छावणी, १७ ऑगस्ट १९७१

ती. मामा, नमस्कार.

नीट विचारलं. विचारायची गरजही उरली नाही, डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांची चूक नाही. चूक आपली आहे, पिढ्यान्‌ पिढ्यांची. पटकीत माणूस जुलाबाने मरत नाही मामा, तो कोरडा पडून मरतो. अंगातलं पाणी संपतं, नाडी लागेनाशी होते, बोटांची कातडी धुण्याला बसलेल्या बाईसारखी सुरकुतते. तेवढं पाणी परत घातलं की माणूस परत येतो. पूर्वी माझ्या पडवीतून दहा जणांमागे तीन-चार प्रेतं निघायची. आता शंभरात तीन-चार निघतात. पाणी, मीठ, साखर. एवढंच होतं ते. प्रत्येक घरात होतं.

आता वाईट सांगते, तुम्हाला नाही तर कुणाला सांगू.

पारुल नावाची नऊ वर्षांची मुलगी आली. आईबाप वाटेतच गेले होते. तिला घेऊन आला तिचा मामा. बंगालीतही मामाला मामाच म्हणतात. निमाई त्याचं नाव, पन्नाशीचा, विणकर. मी त्याच्या हातात पेला दिला, कसं पाजायचं ते दाखवलं आणि दुसऱ्या खाटांकडे गेले. दर थोड्या वेळाने तो रिकामा पेला घेऊन यायचा, मी भरून द्यायची. चौदा वेळा भरला असेल. मी त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या खाटांवरच्या माणसांना म्हटलं, बघा, असं पाजायचं.

मुलगी दुपारी गेली. खाट हलवली तर खालची जमीन ओली. सगळे पेले त्याने खाटेखाली ओतले होते. त्यांच्या गावीही ढाळात पाणी बंद. मला दुखवायचं नव्हतं म्हणून घेत होता, आणि भाचीला वाचवायचं होतं म्हणून ओतत होता. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, पोरगी सारखी म्हणत होती, "मामा, जोल." म्हणजे पाणी.

मी सगळ्यांसमोर त्याला खुनी म्हटलं. हिंदीत म्हटलं, त्याला कळावं म्हणून. त्याला कळलं.

मामा, माझी आईही याच रोगाने गेली. तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण तिच्यापाशी तुम्ही होतात. दारातल्या भिकाऱ्यालासुद्धा तुम्ही नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही, तिने मागितलं असेल तर तुम्ही दिलंच असणार. त्या पोरीपाशी तुमच्यासारखा मामा असता तर, असं मनात येतं आणि मग झाडू घेऊन पडवी झाडत सुटते.

तुमची,
अनू

*

सुलतानपूर, १६ सप्टेंबर १९७१

चि. अन्नपूर्णा हिला आशीर्वाद.

पत्र पोचलं. उशीर झाला, डोळ्यांनी हल्ली फार लिहवत नाही.

इकडे सगळं ठीक. पोळा झाला. बैलांची शिंगं रंगवली, पण ज्वारी गुडघ्याएवढीच आहे म्हणून कुणाच्या तोंडावर रंग नव्हता. गावची विहीर तळाला गेली. शाळेसमोरचा निंब तोडला. त्याच्या पारावर बसून मी किती पोरांना वृत्तं शिकवली असतील. लघू, गुरू, लघू, गुरू. बोटांवर मोजायची बिचारी.

पितृपक्षातली नवमी झाली. दरवर्षी मंजुळेच्या नावाने पान वाढतो, पानाभोवती पाणी फिरवतो. यंदा पाणी फिरवताना हात थांबला. तुझी मामी अंबू म्हणाली, "फिरवा ना. पान थंडं होऊन राह्यलं." तिनेच फिरवलं शेवटी.

तिची निरोपाची ओळ लिहितो: "पोरी, तुह्या मामाले विचार काय झालं ते. जेवत नाही, आन्‌ माठाकडे पाठ करून बसते. मले माहीत हाये, पन मी सांगनार नाही."

तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको.

भगवंतमामा

*

छावणी, ८ ऑक्टोबर १९७१

ती. मामा, नमस्कार.

तुमच्या पत्रात मी होते कुठे? निंब होता, वृत्तं होती. मी एवढं लिहिलं त्याला उत्तर नाही.

रागावलात ना? मला वाटतं, एका वडीलधाऱ्याला चारचौघांत खुनी म्हटलं ते तुम्हाला आवडलं नाही. किंवा दिवाळीला येत नाही म्हणून. मामी काय म्हणते ते मला कळलं नाही. प्रकृतीचं काही लपवत असाल तर सरळ लिहा.

निमाई अजून इथेच आहे. रोज सकाळी पडवीच्या दाराशी येऊन बसतो. काल हात जोडून म्हणाला, दीदी, मला पेला द्या, मी दुसऱ्यांना पाजतो, खाली एक थेंब सांडणार नाही. माणसं कमी आहेत, दोन नर्सा तापाने पडल्या आहेत. एक माणूस म्हणजे दहा खाटा. तरी मी नाही म्हटलं. त्याच्या हातात मी पेला देणार नाही, मामा. ज्याने आपल्या पोरीला तहानेने मारलं त्याला मी माझ्या रोग्यांजवळ येऊ देणार नाही. डॉक्टर म्हणाले, तू कठोर आहेस. असेन.

तुम्ही मला लहानपणी शिकवलं होतं, चूक ती चूक. सांगा, माझं चुकलं का?

अनू

*

सुलतानपूर, २४ नोव्हेंबर १९७१

अनू,

मायना लिहीत नाही. आशीर्वाद द्यायचा हात आधी धुवायला हवा.

तीन वेळा हे पत्र लिहिलं आणि चुलीत घातलं. आज तुळशीराम पाकीट घेऊन आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, आता हरेक पत्राले शरणार्थ्यांचं पाच पैशाचं जादा तिकीट लागते." ते तिकीट हातात घेतलं आणि वाटलं, पाच पैशांत सुटू पाहतोस काय भगवंता?

तुझं चुकलं का, विचारतेस. त्या माणसाला तू काय म्हणालीस ते मला म्हण. तो विणकर आहे. मी तर शिकवणारा होतो.

आपल्या घरी पटकी आली की एक रीत होती. आजारी माणसाचं पाणी बंद करायचं आणि माठापाशी घरातला एक पुरुष बसवायचा. बायांचं काळीज पाघळतं, त्या चोरून पाजतील, म्हणून पुरुष. तोही जवळचा, ज्याचा रोग्यावर सगळ्यांत जास्त जीव. परका माणूस कंटाळून उठून जाईल, जिवाचा माणूस उठणार नाही. चव्वेचाळीसच्या साथीत मंजुळा माहेरी आली होती, तुला घेऊन. सकाळी तिला ढाळ सुरू झाले. तुझी आजी मला म्हणाली, "भगवंता, तू बस." मी बसलो. पस्तीस वर्षांचा होतो, लोकल बोर्डाचा मास्तर, गावात एकटा मॅट्रिक. मला कुणी सांगितलं असतं की पाणी पाज, तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं.

ती पहिल्यांदा नीट बोलली. "भाऊ, घोटभर दे ना." मग चिडली. "काऊन देत नाही रे? मी काय तुह्यं घेतलं?" मग हसली सुद्धा एकदा, लहानपणी विहिरीवर मी तिला भिजवायचो ते आठवून. म्हणाली, "तवा तं वतत होता डोक्यावर." मग नुसते ओठ हलत होते. तुझी मामी नवी सून, ती एकदा पदराखाली वाटी लपवून आली. मी ती वाटी तिच्या हातून घेऊन अंगणात ओतली. म्हणून तिला माहीत आहे. सत्तावीस वर्षं ती त्यावर बोललेली नाही.

आणि कविता. हो, म्हटली. ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं टिकलं. तिचं मागणं मला ऐकवेना, तेव्हा मी नदीची कविता म्हणू लागलो. मोठ्याने, चालीवर, सगळी कडवी. ती पाणी मागत होती आणि मी तिला नदी म्हणून दाखवत होतो. दुपार कलता कलता ती गप्प झाली आणि मला वाटलं, कवितेने झोप लागली.

माठ भरलेला होता, अनू. माझ्या पाठीला त्याचा गारवा लागत होता.

खुनी हा शब्द तुझ्या पत्रात वाचला आणि पहिल्यांदा मनात आलं, मला कुठे ठाऊक होतं? दुसऱ्यांदा आलं, त्या निमाईला तरी कुठे होतं? तुला हवं तर यापुढे मला लिहू नकोस. पण त्याला एक पेला दे. तो सांडणार नाही. आम्ही माणसं राखण फार चोख करतो.

भगवंत

*

छावणी, २५ जानेवारी १९७२

मामा,

दोन महिने लिहिलं नाही. लढाई झाली, डोक्यावरून विमानं जात होती, जखमी येत होते, असं कारण देता येईल. ते कारण नाही.

तुमचं पत्र मी एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा उघडलेलं नाही. पेटीत तळाशी आहे.

वाचल्यावर आठ दिवस मी निमाईकडे पाहिलं नाही. नवव्या दिवशी पिंपातून पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. तो शेवटच्या खाटेवरच्या एका बुढीपाशी बसला. चमचा तिच्या ओठाला लावायचा, ती गिळेपर्यंत थांबायचा, मग पुढचा. सबंध दिवस उठला नाही. ती बुढी जगली. मग त्याला दहा खाटा दिल्या. तो कुणाशी बोलत नसे. गाणंबिणं काही म्हणत नसे.

लढाई संपली तशी छावणी रिकामी होत चालली आहे. लोक ट्रकमधून परत जाताहेत, कुठे जाताहेत ते त्यांनाही माहीत नाही, घरं जळलेली आहेत. निमाई गेल्या सोमवारी गेला. जाताना पेला धुऊन, पुसून माझ्या टेबलावर पालथा ठेवून गेला. मी त्याला 'खुनी' म्हटलं ते परत घ्यायचं होतं. ट्रकपर्यंत गेले. तोंडातून निघालं नाही.

तुम्हाला माफ केलं असं लिहिता येत नाही. त्याच्या हातात पेला दिला तो यासाठी, की तुमच्या हातात देता आला नसता.

एक विचारते, खरं लिहा, कविता नको. त्या दुपारी मी खरंच भगवानरावांच्या ओसरीवर होते का? इथे एका पोराने परवा खेळात माझ्या हातातला पेला हिसकला. मी त्याला मारलं मामा. लहान पोराला. आणि मग तो पेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

अनू

*

सुलतानपूर, ६ फेब्रुवारी १९७२

अनू,

नव्हतीस.

तू घरात होतीस. पितळी तांब्या घेऊन आलीस, दोन्ही हातांनी धरून, मंजुळेच्या उशापर्यंत. परसातल्या रांजणातून भरला असशील, माठापाशी मी होतो. निम्मा वाटेत सांडला होता. तिने मान उचलली. मी तो तुझ्या हातातून ओढून घेतला. तू सोडत नव्हतीस. मी तुझी बोटं एकेक करून उकलली. मग तुला उचलून भगवानरावांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. त्या घरात त्या दिवशी बरोबर वागलेली तू एकटी होतीस, आणि आम्ही तुझ्या थयथयाटाला पुढे हसत राहिलो.

तांब्या अजून आहे. फडताळात मागे ढकलून ठेवला होता. अंबूने काल काढला, चिंच लावून घासला, माझ्या पुढ्यात ठेवला.

तुझं काम संपेल तेव्हा मलकापूरला उतर. मी फलाटावर येणार नाही, तुला माझं तोंड लगेच बघायला नको. मेहकरच्या मोटारीने ये. घरात शिरलीस की तांब्या माठाशेजारी असेल. तुझ्या हाताने भर आणि हवा तेवढा पी.

मी बाहेर अंगणात बसेन.

भगवंतमामा